मूग नव्हे, मोग!

सिंथेसायझरच्या जगात ज्या माणसाचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं, त्याचं नाव बहुतेक सगळे चुकीचं घेतात. हा माणूस म्हणजे रॉबर्ट आर्थर मूग, सगळ्यांचा बॉब मूग. स्पेलिंगमध्ये दोन ओ आहेत म्हणून आपण सरळ मूग म्हणून मोकळे होतो आणि मराठी माणसाला लगेच मोड आलेल्या मुगाची उसळ आठवते. त्याच्या घरी मात्र हे नाव मोग असं उच्चारलं जायचं. गोव्याच्या मंडळींना हे ऐकून आनंद होईल, कारण कोकणीत मोग म्हणजे प्रेम! आपल्याकडे मूग हेच रूढ झालंय, म्हणून या लेखातही तेच ठेवलंय.

आता हा माणूस आपल्या मॅगझिनमध्ये कशाला? कारण गॅदरिंग जवळ आलं की प्रत्येक बँडमध्ये एक वाद हमखास होतो. खराखुरा सिंथेसायझर घ्यायला कोणाकडेच पैसे नसतात, पण कोणाकडे तरी टॅबलेट असतो. मग त्यावर कुठलं सिंथ अ‍ॅप टाकायचं? एक म्हणतो ज्यात जास्त प्रीसेट आहेत ते, दुसरा म्हणतो जे फ्री आहे ते, तिसरा म्हणतो ज्याचा स्क्रीन भारी दिसतो ते. पण सगळ्यात चांगला आवाज कुठल्याचा, आणि चांगला आवाज म्हणजे नक्की काय, हे कोणीच सांगत नाही. बॉब मूगने अख्खं आयुष्य याच प्रश्नामागे घालवलं. त्यापायी तो कर्जबाजारी झाला, आणि जवळजवळ पंचवीस वर्षं स्वतःच्या वाद्यांवर स्वतःचं नावही लावू शकला नाही.

बॉबचा जन्म 23 मे 1934 चा, न्यूयॉर्कमधला. वडील जॉर्ज हे वीज कंपनीत इंजिनिअर. घरात त्यांचं छोटंसं वर्कशॉप होतं. आईची इच्छा होती की मुलाने मोठा पियानिस्ट व्हावं, म्हणून तिने त्याला लहानपणापासून पियानोला बसवलं. म्हणजे एका खोलीत पियानो आणि दुसऱ्या खोलीत सोल्डरिंग आयर्न. आपल्यापैकी कितीतरी जणांनी दहावीपर्यंत तबला किंवा पेटीचा क्लास केला आणि बारावीला सोडला, त्यांना ही ओढाताण सांगायला नको. बॉबने मात्र एक सोडून दुसरं धरलं नाही. चौदाव्या वर्षी एका हॉबी मॅगझिनमधलं सर्किट बघून त्याने थेरेमिन बनवला आणि दोन्ही खोल्यांच्या मधलं दार उघडलं.

थेरेमिन हे वाद्य 1920 च्या सुमारास रशियाच्या लेऑन थेरेमिनने शोधलं. या वाद्याला हात लावायचाच नसतो. दोन अँटेना असतात. हात आणि अँटेना मिळून एक कपॅसिटर तयार होतो. एक हात जवळ नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. दुसऱ्या हाताने आवाज लहानमोठा करायचा. हात जरासा थरथरला तरी सूर थरथरतो. माणसाच्या शरीराची बारीकशी हालचाल सुद्धा आवाजात उतरते, हे बॉबला इथे कळलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे टॅबलेटपाशी पोचल्यावर लागणार आहे.

1954 मध्ये, म्हणजे आपल्याच वयाचा असताना, त्याने वडिलांबरोबर थेरेमिन बनवून विकायची कंपनी काढली. शिक्षणही चालूच होतं. क्वीन्स कॉलेजमधून फिजिक्स, कोलंबियातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि मग कॉर्नेल युनिव्हर्सिटीत पीएचडी. 1961 मध्ये त्याने ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या थेरेमिनचा लेख एका इलेक्ट्रॉनिक्स मासिकात दिला आणि किट विकायला काढलं. किंमत 49.95 डॉलर. सुमारे हजार किट खपली. पीएचडी संपायला 1965 साल उजाडलं. म्हणजे किट पॅक करत, संसार सांभाळत आणि थीसिस पुढे ढकलत त्याने डिग्री घेतली. सबमिशन पुढे ढकलणाऱ्यांनी यातून सोयीचा अर्थ काढू नये!

1963 च्या शेवटी रोचेस्टरला संगीत शिक्षकांच्या एका परिषदेत त्याची गाठ हर्ब डॉइचशी पडली. डॉइच कॉलेजात संगीत शिकवायचा आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक संगीत रचायचा. त्या काळी असं संगीत करणं म्हणजे टेप कापून ब्लेडने जोडत बसणं. कोलंबिया आणि प्रिन्स्टन विद्यापीठांच्या स्टुडिओत एक आरसीए सिंथेसायझर होता, पण तो खोलीभर पसरलेला, आणि त्याला सूर सांगायचे तर कागदाच्या पट्टीवर भोकं पाडावी लागत. वाजवणाऱ्याला जे हवं ते लगेच ऐकू येईल अशी सोयच नव्हती.

1964 च्या उन्हाळ्यात डॉइच बॉबच्या गावी, ट्रुमन्सबर्गला, येऊन राहिला. दिवसा बॉब सर्किट जोडायचा, डॉइच ते वाजवून बघायचा आणि काय कमी पडतंय ते सांगायचा. या उन्हाळ्यातून जे निघालं ते समजायला आपल्याला काहीच जड नाही, कारण सेकंड इयरला हा ग्राफ आपण सगळ्यांनी जर्नलमध्ये काढलाय. ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर व्होल्टेज थोडंसं वाढवलं की कलेक्टर करंट एक्स्पोनेन्शियली वाढतो. आपण तो ग्राफ काढला, सरांची सही घेतली आणि विसरलो. बॉबला त्यात संगीत दिसलं. मध्य सा पासून तार सा पर्यंत गेलं की फ्रीक्वेन्सी दुप्पट होते, अजून एक सप्तक वर गेलं की चौपट. म्हणजे आपला कानही एक्स्पोनेन्शियलच आहे! मग व्होल्टेज एका व्होल्टने वाढवलं की सूर बरोबर एक सप्तक वर जाईल असा ऑसिलेटर त्याने बांधला. एक व्होल्टला एक ऑक्टेव्ह हा हिशोब आजही जगभरातल्या मॉड्युलर सिंथमध्ये चालतो.

याचा खरा फायदा पुढे आहे. सूर, आवाजाची तीव्रता, फिल्टर, सगळंच व्होल्टेजवर चालत असेल तर एका मॉड्यूलचं आउटपुट दुसऱ्याच्या कंट्रोलला जोडता येतं. एक संथ ऑसिलेटर घेऊन दुसऱ्याचा सूर हलवला की झाला व्हायब्रेटो. टेलिफोन एक्स्चेंजसारख्या वायरी जोडायच्या आणि हवा तो आवाज तयार करायचा. आजही सिंथच्या आवाजाला पॅच म्हणतात ते या पॅच कॉर्डमुळे. ऑक्टोबर 1964 मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात त्याने ही मॉड्यूल्स मांडली आणि ऑर्डरी यायला लागल्या.

मग आला तो प्रसिद्ध लॅडर फिल्टर. ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकावर एक शिडीसारख्या रचलेल्या आणि प्रत्येक पायरीवर एक कपॅसिटर. अशा चार पायऱ्या मिळून कट-ऑफच्या वरचा आवाज दर ऑक्टेव्हला 24 डेसिबलने कापतात. करंट बदलला की कट-ऑफ सरकतो. आउटपुटचा काही भाग परत इनपुटला दिला की कट-ऑफपाशी आवाज टोकदार होतो, आणि फारच दिला की फिल्टर स्वतःच गायला लागतो. 1966 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, 1969 मध्ये ते मिळालं. पण कागदावर लिहिलेलं नसतं असं काहीतरी या सर्किटमध्ये होतं. ट्रान्झिस्टर काही आदर्श लिनिअर नसतात. सिग्नल मोठा झाला की ते हळूहळू सॅच्युरेट होतात आणि आवाजाला एक गोलाई येते. पुस्तकी भाषेत हे डिस्टॉर्शन. कानाला मात्र ते गोड लागतं.

1968 मध्ये वेंडी कार्लोसने मूग सिंथेसायझरवर बाखचं संगीत वाजवून 'स्विच्ड-ऑन बाख' ही रेकॉर्ड काढली. एका वेळी एकच सूर निघायचा, त्यामुळे एकेक ओळ वेगळी वाजवून टेपवर एकावर एक चढवायची. त्यात तापमान बदललं की ऑसिलेटर बेसूर व्हायचे, कारण तो एक्स्पोनेन्शियल ग्राफ तापमानावर अवलंबून असतो. दोन-चार माप वाजवायचे, थांबायचं, परत सुरात लावायचं. या रेकॉर्डला तीन ग्रॅमी मिळाली आणि दहा लाखांवर प्रती खपल्या. कार्लोस फक्त गिऱ्हाईक नव्हती. काय खटकतंय, कीबोर्डला बोटांचा दाब का कळत नाही, हे ती बॉबला सतत सांगायची आणि तो त्याप्रमाणे बदल करायचा. वाजवणाऱ्याचं ऐकायचं, ही त्याची डिझाइनची पद्धतच होती. 1969 मध्ये बीटल्सच्या 'अ‍ॅबी रोड' वरही मूग ऐकू आला.

त्याच वर्षी मूग भारतातही पोचला होता हे किती जणांना माहीत आहे? अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये मूग सिंथेसायझर बसवला. गीता साराभाईंसारख्या लोकांनी त्या स्टुडिओत काम केलं. त्या टेप्स कित्येक वर्षं पडून होत्या, त्यातलं निवडक संगीत 2023 मध्ये अल्बमच्या रूपात बाहेर आलं. आपल्या मुंबईच्या चित्रपट संगीतात सिंथेसायझर आणणाऱ्यांमध्ये केरसी लॉर्ड यांचं नाव आदराने घेतलं जातं.

पण भिंतीएवढा सिंथेसायझर स्टेजवर कोण नेणार? 1970 मध्ये बॉबच्या कंपनीतल्या बिल हेमसाथने पडून असलेले भाग जोडून एक छोटं मॉडेल बनवलं. त्यातून मिनीमूग जन्माला आला. तीन ऑसिलेटर, 44 पट्ट्या, वायरींची भानगड नाही, डावीकडे सूर वाकवायला एक चाक. त्यातही एक गंमत झाली. फिल्टरला ठरवल्यापेक्षा जास्त मोठा सिग्नल जात होता. हिशोबाप्रमाणे ही चूकच, पण त्यामुळेच मिनीमूगला तो जाड, भरलेला आवाज आला. लोकांना तो आवडला आणि चूक तशीच राहिली. 1981 पर्यंत बारा हजारांच्या वर मिनीमूग बनले.

मग हा माणूस श्रीमंत झाला असेल ना? अजिबात नाही. मिनीमूग बाजारात आला तेव्हाच कंपनी कर्जात बुडालेली होती. सर्किट उत्तम जमायचं, पण हिशोब, भांडवल, मार्केटिंग यातलं त्याला फारसं काही येत नव्हतं. 1971 मध्ये कंपनी विकावी लागली. 1973 मध्ये ती नॉर्लिन नावाच्या मोठ्या कंपनीकडे गेली. बॉब तिथे नोकर म्हणून राहिला आणि 1977 मध्ये बाहेर पडला. पण मूग हे नाव कंपनीबरोबर गेलं ते गेलंच. ज्याच्या आडनावाने जग सिंथेसायझर ओळखतं, त्याने स्वतः बनवलेल्या वाद्यावर ते आडनाव लावायचं नाही!

दुसरा कोणी असता तर कडू झाला असता, किंवा मूग गिळून गप्प बसला असता. बॉब नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात, अ‍ॅशव्हिलजवळ राहायला गेला, बिग ब्रायर नावाने छोटी कंपनी काढली आणि परत थेरेमिनकडे वळला. जॉन ईटन या संगीतकारासाठी त्याने एक कीबोर्ड बनवायला घेतला. या कीबोर्डला प्रत्येक पट्टीवर बोट नेमकं कुठे आहे, पुढे सरकलं की बाजूला, किती टेकलंय, किती दाबलंय, हे सगळं वेगवेगळं कळायचं. या कामात वर्षांमागून वर्षं गेली आणि तो 1992 मध्ये कार्यक्रमात वाजला. हे वाद्य बाजारात कधीच गाजलं नाही. पण मला तर बॉबच्या आयुष्याचा मधला धागा इथेच दिसतो. थेरेमिनमध्ये हवेतला हात, इथे पट्टीवरचं बोट. हाताची हालचाल आवाजात कशी उतरवायची, हाच त्याचा प्रश्न होता.

2002 मध्ये मोठ्या कायदेशीर झगड्यानंतर त्याला नाव परत मिळालं. त्याच वर्षी मिनीमूग व्हॉयेजर आला, आणि त्यावर मधोमध एक टच पॅड होता. बोट फिरवा, आवाज बदलेल. तेव्हा टॅबलेट कोणाच्या घरात नव्हता. 2005 च्या एप्रिलमध्ये त्याला ब्रेन ट्यूमर असल्याचं निदान झालं आणि 21 ऑगस्टला, वयाच्या 71 व्या वर्षी, तो गेला. आयपॅड आला 2010 मध्ये. पाच वर्षं उशिरा!

त्याच्यामागे त्याच्या कंपनीने टॅबलेटवर दोन तऱ्हेची अ‍ॅप काढली, आणि आपला वाद सोडवायला दोन्ही उपयोगी आहेत. एक तऱ्हा म्हणजे जुन्या वाद्याची हुबेहूब नक्कल. 2016 मध्ये मॉडेल 15 आणि 2018 मध्ये मिनीमूग मॉडेल डी. 2020 मध्ये कोविडमुळे सगळे घरात अडकले तेव्हा मिनीमूगचं अ‍ॅप काही काळ फुकट दिलं होतं. दुसरी तऱ्हा म्हणजे 2011 मध्ये आलेलं अ‍ॅनिमूग. ते कुठल्याच जुन्या वाद्याची नक्कल करत नाही. त्यात स्क्रीनवरच्या पट्टीवर बोट वरखाली सरकवलं की आवाजाचा पोत बदलतो, आडवं सरकवलं की सूर वाकतो. ईटनसाठी केलेल्या कीबोर्डची ही लांबची नात वाटते. सांगायची गोष्ट म्हणजे कंपनीही एका जागी राहिली नाही, 2023 मध्ये ती इनम्युझिकने विकत घेतली.

आता सर्किटचं कोड करणं सोपं नाही. लॅडर फिल्टरमध्ये आउटपुट त्याच क्षणी परत इनपुटला जातं, कॉम्प्युटरमध्ये मात्र एका सॅम्पलचा तरी उशीर होतो. शिवाय प्रत्येक ट्रान्झिस्टरचं सॅच्युरेशन गणितात बसवावं लागतं. 2004 मध्ये फिनलंडच्या आंट्टी हुओविलाइनेनने या नॉन-लिनिअर फिल्टरचं डिजिटल मॉडेल मांडलं. ज्या अ‍ॅपने हे कष्ट घेतले आणि ज्याने फक्त नॉबचे फोटो चिकटवले, त्यातला फरक दहा मिनिटांत ऐकू येतो. कसा, ते सांगतो.

आधी हेडफोन लावा, टॅबलेटच्या स्पीकरला खर्ज झेपत नाही. दोन अ‍ॅपची तुलना करताना आवाज सारखा ठेवा, कारण मोठा आवाज नेहमीच जास्त चांगला वाटतो. मग रिव्हर्ब आणि डिले बंद करा, ती पावडर आणि मेकअप आहे. आता एकच सॉटूथ लहर घ्या आणि सूर हळूहळू वर न्या. सूर वर जाताना मागे कुठेतरी दुसराच बारीक सूर खाली येताना ऐकू आला, तर ते अ‍ॅलायझिंग. सेकंदाला 44,100 सॅम्पल असतील तर 22,050 हर्ट्झच्या वरचे हार्मोनिक्स दुमडून खाली येतात, हे सिग्नल प्रोसेसिंगमध्ये आपण शिकलोच आहोत. फिल्टरचा नॉब सावकाश फिरवा. आवाज तुपासारखा सरकला पाहिजे, जिने उतरल्यासारखा खडखडला तर अ‍ॅप बाद. रेझोनन्स वाढवत न्या. लॅडर फिल्टरची नक्कल असेल तर खर्ज थोडा कमी व्हायला हवा आणि शेवटी फिल्टरने स्वतः शीळ घालायला हवी. मग पटापट वाजवून बघा. बोट आणि आवाजात 20 मिलिसेकंदांचं अंतर असलं तर स्पीकर सात मीटर लांब ठेवून वाजवल्यासारखं होतं, आणि तालाची वाट लागते.

शेवटची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. एक सूर धरा आणि बोट जरासं हलवा. काही बदललं का? की तुम्ही काहीही केलंत तरी आवाज तसाच ढिम्म? दोन हजार प्रीसेट असून बोटाला उत्तर देत नसेल तर ते अ‍ॅप डोअरबेलच्याच जातीचं. माझ्या मते म्हणूनच बासला आणि जाड लीडला मिनीमूगचं अ‍ॅप घ्यावं, पण मींड घ्यायची असेल, आपल्या गाण्यातल्यासारखा सूर सुरावरून ओढायचा असेल, तर अ‍ॅनिमूगच्या जातीचं काहीतरी घ्यावं. नक्कल चांगली आहे, पण बॉब स्वतः जे शोधत होता ते दुसऱ्या प्रकारात जास्त आहे.

अ‍ॅशव्हिलमध्ये 2019 मध्ये त्याच्या नावाचं छोटं म्युझियम सुरू झालं. तिथे जायला जमेल तेव्हा जमेल. तोपर्यंत ज्या कोणाकडे टॅबलेट आहे त्याच्याकडून तो तासभर मागून घ्या, प्रीसेटची यादी बंद करा आणि एकाच सुरावर बोट ठेवून नीट ऐका. गॅदरिंगला अजून वेळ आहे!